नादकाट्याचा गंधार

नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला अर्धा तास उरला असताना निरोप आला: आल्टोतल्या मोठ्या ताईंना ताप भरलाय, त्या येत नाहीत. वसई तालुक्यातल्या एका गावचा हा कॉयर. चौतीस माणसं, सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास अशा चार रांगा, मागे सात आठवड्यांचा सराव. एक माणूस कमी झाल्यानं काही बिघडायला नको होतं. पण पहिल्याच गीताच्या दुसऱ्या ओळीला आल्टोतल्या उरलेल्या आठ जणी एकेक करून सोप्रानोच्या चालीवर जाऊन बसल्या. चार आवाजांची रचना तीन आवाजांची झाली आणि शेवटपर्यंत तशीच राहिली. देवळातल्या लोकांच्या ते लक्षात आलं नाही. मिस्सा संपल्यावर कितीतरी जणांनी हात हातात घेऊन कौतुक केलं. कॉयरच्या टीचरना मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

त्यांना कळून चुकलं होतं की आल्टोच्या नऊ जणींना आल्टो येतच नव्हता. तो एकीलाच येत होता. बाकीच्या तिच्या आवाजाला आवाज लावून गात होत्या. आणि त्या एकीला तरी कसा येत होता? टीचरनी मोबाइलवर गाऊन पाठवलेला, तिनं स्वयंपाक करता करता पन्नास वेळा ऐकलेला. सोप्रानो, टेनर, बास, सगळीकडे हीच गत होती. चौतीस माणसांचा तो कॉयर खरं तर चार माणसांवर उभा होता, आणि ती चार एका माणसावर, म्हणजे स्वतः टीचरवर.

‘टीचर’ हे नाव गावानं दिलेलं. मुंबईत वाढताना त्या पियानो शिकल्या, ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या परीक्षा दिल्या. त्याच वयात आजीच्या हट्टामुळे गाण्याच्या क्लासलाही गेल्या आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिकेपर्यंत पोचल्या. पुढे शाळेत संगीत शिकवलं, लग्न होऊन वसईला आल्या आणि वर्षभरात कॉयर गळ्यात पडला. पियानो आणि सरगम या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात तोवर दोन वेगळ्या कपाटांत होत्या. त्या एकाच कपाटात ठेवायला त्यांना त्या नाताळनंतरची दोन वर्षं लागली.

जानेवारीत त्यांनी सांगितलं, आता आपण सगळे म्युझिक वाचायला शिकणार. दर बुधवारी रात्री साडेआठला, चर्चगेटहून सुटलेली माणसं घरी पोचून जेवली की, पॅरिश हॉलमध्ये तासभर वर्ग. फळ्यावर पाच रेघा आल्या, ट्रेबल क्लेफ आला, बास क्लेफ आला, कुठल्या रेघेवर कुठला स्वर ते पाठ करायचं आलं. क्रॉचेट, क्वेव्हर, शार्प, फ्लॅट. पुस्तकात जो क्रम होता तोच. महिन्याभरात चौतीसपैकी एकोणीस उरले. त्या एकोणिसांत एस.टी.तून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर होते, बासच्या रांगेतले. चौथ्या बुधवारी त्यांनी शांतपणे सांगितलं, “टीचर, ही गोळ्यांची बाराखडी मला दिसते. ऐकू येत नाही.”

इतकं नेमकं निदान संगीतशिक्षणाच्या पुस्तकांतही क्वचित सापडतं. मूल बाराखडी शिकतं तेव्हा त्याला भाषा आधीच येत असते. ‘क’ हे अक्षर फळ्यावर येण्याआधी तो आवाज त्याच्या तोंडी हजार वेळा येऊन गेलेला असतो. टीचर मात्र खूण आधी शिकवत होत्या आणि आवाज नंतर. त्यांच्या कॉयरला गोळा ओळखता येत होता, पण त्या गोळ्यामागचा नाद कानात नव्हता.

हा प्रश्न नवा नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वी इटलीत गुइदो दारेझ्झो या साधूला नेमकं हेच सतावत होतं. मठातले गायक सगळी स्तोत्रं ऐकून पाठ करत. त्यात वर्षानुवर्षं जात, आणि तरीही न ऐकलेलं स्तोत्र समोर आलं की ते गप्प होत. गुइदोनं योहान बाप्तिस्तावरचं एक लॅटिन स्तोत्र वापरलं. त्याच्या पहिल्या सहा ओळींतली प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक स्वर वरून सुरू होते. त्या ओळींची पहिली अक्षरं, उत, रे, मी, फा, सोल, ला, हीच स्वरांची नावं झाली. आधी नाव आणि नाद यांची गाठ कानात बसवायची, मग तो स्वर रेघांवर दाखवायचा. पूर्वी दहा वर्षांत जेमतेम यायचं ते आपल्या पद्धतीनं एका, फार तर दोन वर्षांत येतं, असं त्यानं एका पत्रात लिहून ठेवलं आहे.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये नॉर्विचच्या सारा ग्लोव्हर या शिक्षिकेनं गरीब मुलांना गायला शिकवताना हीच वाट आणखी सोपी केली. तिच्या पद्धतीत ‘डो’ म्हणजे ठरावीक पट्टी नव्हे. गाणं ज्या स्वरावर विसावतं तो ‘डो’, मग तो पियानोवर कुठेही असो. 1841 साली हल इथे भरलेल्या रविवारशाळांच्या शिक्षकांच्या सभेनं जॉन कर्वेन या धर्मगुरूवर काम सोपवलं: सामान्य माणसाला लवकरात लवकर गायला शिकवील अशी पद्धत शोधा. कर्वेननं ग्लोव्हरची पद्धत घेतली, बदलली, प्रत्येक स्वराला हाताची एक खूण दिली, आणि ‘टॉनिक सोल-फा’ जगभर गेली. पुढे हंगेरीत झोल्तान कोदाय यांनी शाळांसाठी जे शिक्षण उभारलं, त्यातही याच हातखुणा आल्या.

हे सगळं टीचरनी विद्यार्थीदशेत वाचलं होतं. पण ‘गाणं जिथे विसावतं तो डो’ हे वाक्य एस.टी.वाल्या काकांच्या तक्रारीनंतर पुन्हा वाचलं, तेव्हा त्या एकदम थांबल्या. हा तर आपला ‘सा’. गायकाच्या गळ्याला सोसेल तिथे लागणारा, काळी एकला, काळी चारला, कुठेही. आजीनं ज्या क्लासला पाठवलं होतं तिथे पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. गुइदोनं, ग्लोव्हरनं, कर्वेननं ज्याची वाट शोधली, ते महाराष्ट्रात भजनी मंडळातल्या पेटीवाल्यालाही ठाऊक असतं.

पुढच्या बुधवारी फळा कोरा होता. टीचरनी तानपुऱ्याचं ॲप लावलं आणि सगळ्यांना सा लावायला सांगितला. मग हात दाखवला. बंद मूठ म्हणजे सा. हात छातीसमोर आडवा सपाट म्हणजे ग. तळवा स्वतःकडे वळलेला म्हणजे प. त्या बोलल्या नाहीत, फक्त खुणा करत गेल्या, आणि एकोणीस माणसं त्यामागे गात गेली. पंधरा मिनिटांनी त्यांनी डावा हातही उचलला. डाव्या हाताला सोप्रानो आणि टेनर, उजव्या हाताला आल्टो आणि बास. डावा ग वर गेला, उजवा सा वर थांबला. हॉलमध्ये पहिल्यांदाच दोन स्वर एकत्र आले, आणि ते धरून ठेवणाऱ्या प्रत्येकाला आपण काय गातोय त्याचं नाव माहीत होतं.

त्यानंतर महिनाभरानं रेघा परत आल्या, पण आधी एकच, मग दोन, मग पाच. सा या रेघेवर असेल तर ग वरच्या रेघेवर आणि प त्याच्या वरच्या. सा रेघांमधल्या जागेत असेल तर ग आणि प जागांमध्येच. काकांनी पानावर बोट ठेवत तीन स्वर गायले आणि मान वर करून म्हणाले, “आता ऐकू येतं.”

सरगमीचा जिना तयार असला तरी त्याच्या काही पायऱ्या वेगळ्या बसवाव्या लागल्या. कर्वेनच्या पद्धतीत मायनर गाणं ‘ला’पासून सुरू होतं. तसं शिकवलं तर आपल्या माणसाला घर ध वर आहे असं सांगावं लागतं, आणि ते त्याच्या कानाला पटत नाही. म्हणून टीचरनी सा हलवलाच नाही. मायनर म्हणजे कोमल ग, कोमल ध, कोमल नि, आपला आसावरी थाट. शेवटाकडे नि शुद्ध झाला की गाणं सा कडे ओढलं जातं, हे कॉयरनं न सांगता ओळखलं. गाणं मध्येच प च्या घरी जातं तेव्हा आधी तीव्र म डोकावतो. पाश्चात्त्य पुस्तकात या घर बदलण्यावर, म्हणजे मॉड्युलेशनवर, अख्खा धडा असतो. इथे आल्टोतल्या एकीनं पान बघूनच सांगितलं, “तीव्र म आलाय, म्हणजे पाहुणं म्हणून जायचंय.”

लयीचंही तसंच. चार मात्रांचं गाणं आलं की केरव्याची सवय कामाला येई, तीन मात्रांच्या गाण्याला दादऱ्याची. बारच्या आधी उचललेला अर्धा शब्द, ज्याला अनाक्रूसिस म्हणतात, तो समजावायला आधी टीचरना दोन आठवडे लागले होते. समेआधीचा मुखडा म्हटल्यावर दोन मिनिटं लागली. गावातल्या लग्नांत ब्रास बँडमध्ये कॉर्नेट वाजवणारे एक गृहस्थ टेनरमध्ये होते. त्यांना स्टाफ वाचता येत होता, पण त्यांची अडचण निराळी होती. बी-फ्लॅट कॉर्नेटच्या पानावर सी लिहिलेला असतो आणि वाजतो बी-फ्लॅट. त्यांचा डोळा आणि कॉयरचं पान यांत कायम एका स्वराचं अंतर पडायचं. सा च्या हिशेबानं वाचायला लागल्यावर ते अंतर आपोआप मिटलं, कारण सा ला पट्टी नसते.

एक अडचण मात्र आपल्याच सवयीतून आली. आपला गळा स्वरावर सरळ उतरत नाही, मींड घेत, घसरत, लाडानं येतो. एकटा गाताना त्यातच गोडी असते. पण चार जणांना एकाच क्षणी चार स्वरांवर यायचं असेल आणि प्रत्येक जण वेगळ्या वाटेनं घसरत आला, तर मधला सगळा वेळ चिखल होतो. टीचरनी मींड वाईट आहे असं कधीच सांगितलं नाही. सोलो असेल तिथे मनमोकळी घ्या, चौघांत असाल तर दारावर टकटक करून आत या, एवढंच त्या म्हणत.

याच काळात एका सभासदाच्या वडिलांनी, जे स्वतः उत्तम अभंग गातात, विचारलं, “आपलं गाणं गुरुमुखातून यायचं. हे कागद कशाला?” प्रश्न रास्त होता आणि टीचरनी तो गंभीरपणे घेतला. आपल्याकडे कागद नव्हता असं नाही. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि स्वतःची स्वरलिपी घडवली. पं. भातखंड्यांनी घराण्यांच्या कपाटांत बंद असलेल्या बंदिशी मिळवून ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत स्वरलिपीसह छापल्या. तरीही त्या लिपीतून कोणी यमन शिकत नाही. तिथे कागद आठवणीसाठी असतो आणि राग गुरूच्या गळ्यातून येतो. चार आवाजांच्या गाण्यात कागदाचं काम वेगळं आहे. तिथे पानावर तुमच्या रेघेच्या वर आणि खाली दुसऱ्या तिघांच्या रेघा असतात. आता आपण ग वर आहोत, बास सा वर येतोय, टेनर अजून म वर अडलाय आणि पुढच्या मात्रेला तो ग कडे उतरणार आहे, हे पान बघून कळतं. दुसरा काय करणार आहे हे आधी कळणं, यासाठी तो कागद लागतो. अभंगवाल्या वडिलांना हे पटलं की नाही कोण जाणे, पण त्यानंतर ते बुधवारी मागच्या बाकावर येऊन बसू लागले.

वाचता येण्याचं मोल कोकणपट्टीला तसं नवं नाही. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना सोल्फेज आणि व्हायोलिन शिकवत, आणि मांडो आजही दोन आवाजांत, बहुतेक तिसऱ्या किंवा सहाव्या स्वराच्या अंतरानं गायला जातो. त्या शाळांत शिकून पुढे मुंबईला आलेल्या वादकांनी हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद उभे केले. शंकर-जयकिशन यांच्यासाठी सेबॅस्टियन डिसोझांनी वाद्यमेळ लिहिला, प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस मजोर्ड्याचे. संगीतकाराच्या डोक्यातली चाल पन्नास वादकांनी एका सकाळी वाजवायची तर ती कोणाला तरी लिहिता यायला हवी आणि पन्नासांना वाचता यायला हवी. तिकडे ईशान्येत ज्या वर्षी कर्वेनवर काम सोपवलं गेलं, त्याच 1841 साली वेल्श मिशनरी थॉमस जोन्स खासी टेकड्यांत पोचले. पुढे वेल्श मिशनबरोबर टॉनिक सोल-फा तिथे रुजली. खासी आणि मिझो गावांत शेतकरी, शिक्षक, दुकानदार सोल-फाची अक्षरं वाचून चार आवाजांत गातात, यात कोणाला नवल वाटत नाही. टीचर कॉयरला हे पुन्हा पुन्हा सांगत, कारण ‘हे आपल्यासारख्यांचं काम नाही’ ही भीती पहिल्या महिन्यात निघून गेलेल्या पंधरा जणांत त्यांनी पाहिली होती.

दुसऱ्या वर्षी त्या क्लोज हार्मनीकडे वळल्या. चारही स्वर शक्यतो एका सप्तकात, एकमेकांना खेटून. आवाज दूर दूर असतात तेव्हा थोडी चूक खपून जाते, ते खेटून उभे राहिले की केसाएवढी चूकही खुपते. अमेरिकेतल्या बार्बरशॉप गायकीनं या दाटीचं शास्त्र केलं आहे. कृष्णवर्णीय गायकांच्या चौकड्यांतून घडलेली ही गायकी जपण्यासाठी 1938 साली ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात एक संघटना सुरू झाली, ती आजही आहे. त्यात चाल वरून दुसऱ्या आवाजाकडे असते, तिच्या वर टेनर, खाली बॅरिटोन आणि बास. गायकांचा सगळा ध्यास एका गोष्टीचा: चार जण गात असताना पाचवा, कोणीच न गायलेला स्वर वरून ऐकू यावा. त्याला ते ‘रिंग’ म्हणतात.

ही रिंग काही केल्या येईना. टीचर कीबोर्डवर सा-ग-प दाबत, चौघं अगदी तसंच गात, आणि कॉर्ड बरोबर असूनही मेलेली वाटे. कारण कीबोर्डमध्येच होतं. सगळ्या पट्ट्यांत वाजवता यावं म्हणून पियानोचं सप्तक बारा सारख्या भागांत कापलेलं असतं. एका सप्तकाचे बाराशे सेंट धरले तर पियानोचा शुद्ध ग सा पासून 400 सेंटवर येतो. पण दोन गळ्यांचे नाद पाचास चार या साध्या प्रमाणात जुळतात तो ग येतो 386 सेंटवर. चौदा सेंटचा हा फरक कानाला थरथरीसारखा जाणवतो. पंचमात फरक अवघा दोन सेंटचा, म्हणून प कधी त्रास देत नाही. सगळा घोळ ग चा.

हे आकडे फळ्यावर लिहून काही झालं नाही. झालं ते वेगळ्या रीतीनं. आजीच्या घरचा मिरजेचा तानपुरा माळ्यावर गवसणीत पडून होता. टीचर तो रिक्षात मांडीवर घेऊन हॉलवर आल्या, जवारी साफ करून घेतली होती, तारा नवीन होत्या. त्यांनी दिवे मंद केले आणि दहा मिनिटं फक्त तानपुरा छेडला. प, सा, सा, आणि खर्ज. कोणी गायचं नाही, फक्त ऐकायचं. चौथ्या-पाचव्या मिनिटाला सोप्रानोतली बारावीतली मुलगी कुजबुजली, “टीचर, कोणी तरी ग म्हणतंय.” कोणी म्हणत नव्हतं. खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार उमटत होता, ज्याच्याबद्दल आपले जुने गवई इतक्या प्रेमानं बोलत आले. त्या तारेच्या नादातच तो पाचवा अंश असतो, 386 सेंटचा, कोणी न लावलेला. टीचरनी आल्टोला सांगितलं, तुमचा ग तिथे नेऊन ठेवा. कीबोर्डपेक्षा किंचित खाली, तानपुऱ्याच्या कुशीत. बासनं सा धरला, टेनरनं प, आणि आल्टोच्या नऊ जणी हळूहळू खाली सरकत त्या गंधारात मिसळल्या. हॉलच्या पत्र्याखाली काहीतरी उजळलं. एस.टी.वाल्या काकांनी दचकून वर पाहिलं. इतके दिवस जी रिंग अमेरिकन पुस्तकांत शोधली, ती मिरजेच्या भोपळ्यात निघाली.

त्या दिवसापासून कीबोर्ड फक्त सुरुवातीचा सूर द्यायला राहिला.

पुढची पायरी चार स्वरांच्या कॉर्डची. प, नि, रे आणि वरचा म. पुस्तकात हिला डॉमिनंट सेव्हन्थ म्हणतात, बार्बरशॉपचा तर ती प्राण आहे. इथला म चमत्कारिक वागतो. एकटा गाताना जो म आपण लावतो, तो इथे चालत नाही; तो आणखी थोडा खाली, जवळजवळ सत्तावीस सेंट उतरला की चारही नाद चार, पाच, सहा, सात या प्रमाणात बसतात आणि कॉर्ड कुलुपासारखी लागते. लगेच पुढच्या मात्रेला नि वर सरकून सा होतो, म खाली सरकून ग होतो. गाणाऱ्याला ही ओढ अंगात जाणवते. टीचर चौघांना गोल उभं करून, एकमेकांच्या तोंडाकडे बघत, ही एकच कॉर्ड दहा-दहा वेळा म्हणवून घेत. ज्या आल्टोला कधीकाळी आपला भाग धरता येत नव्हता, तिला आता शेजारच्या टेनरचा म किती उतरला हे सांगता येत होतं.

स्वर जुळूनही कॉर्ड फुटते ती स्वरवर्णांमुळे. एकजण ‘आ’ पूर्ण तोंड उघडून म्हणतो, दुसरा अर्धं, तर पट्टी एक असून रंग दोन ऐकू येतात. मराठीत हा प्रश्न अधिक नाजूक, कारण शब्दाच्या शेवटचा ‘अ’ आपण बोलताना गिळतो आणि गाताना मात्र त्यावर मात्रा येते. चाल बाहेरची असेल तर आणखी एक संकट: ऱ्हस्व अक्षर लांब स्वरावर येतं, दीर्घ अक्षर छोट्या स्वरावर, आणि ओळीचा अर्थच अडखळतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1960 च्या दशकात, उपासना मराठीत आली, तेव्हा अशा कितीतरी चालींवर मराठी शब्द बसवले गेले. टीचरनी कॉयरकडून आधी कविता म्हटल्यासारखी ओळ वाचून घ्यायला सुरुवात केली. जिथे जीभ अडते तिथे पेन्सिलीनं खूण, मग त्या खुणेवर चर्चा. दोन-तीन ठिकाणी त्यांनी मात्रा बदलल्या. कोणी तक्रार केली नाही, उलट ओळी पहिल्यांदाच कळल्या असं वयस्कर बायका म्हणाल्या.

वाद्याशिवाय गाताना सूर उतरण्याचं दुखणं मात्र शेवटपर्यंत पुरलं. पाच मिनिटांच्या गाण्यात कॉयर अर्धा स्वर खाली यायचा. कारणं सापडली ती पुस्तकातली आणि गावातलीही. उतरताना पावलं मोठी पडतात. एकच स्वर चार वेळा आला की चौथा थकलेला असतो. बुधवारी रात्री साडेनऊला विरार लोकलमध्ये उभं राहून आलेल्या माणसाचा श्वास तोकडा असतो. उपाय साधे केले: चढताना पाऊल मोठं, उतरताना लहान, पुन्हा येणारा स्वर प्रत्येक वेळी नव्यानं लावायचा, आणि सराव साडेआठऐवजी रविवारी सकाळी. उताराचं मोजमाप ठेवायला टीचरनी एक नादकाटा आणला, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा, 440 हर्ट्‌झचा. गाणं संपलं की कोणीतरी तो गुडघ्यावर आपटून कानाशी धरायचा आणि कॉयर किती खाली आला ते सांगायचा.

त्या काट्यातून मग एक खेळ निघाला. काटा नेहमी एकच सूर देतो, ए. पण तो कोणाचा कोण, हे गाण्याच्या पट्टीवर ठरतं. गाणं डी मध्ये असेल तर तो प. जी मध्ये असेल तर रे. एफ मध्ये असेल तर ग. काटा ऐकायचा, पानावरची पट्टी बघायची, त्या सुराला त्याचं नाव द्यायचं आणि तिथून मनातल्या मनात सा पर्यंत उतरायचं. मग सा वरून प्रत्येकानं आपला पहिला स्वर शोधायचा, मोठ्यानं न गाता. हा खेळ दर रविवारी दहा मिनिटं चालायचा आणि त्यात कोणी हरलं तरी सगळे हसत आणि पुन्हा करत. वाचन, कान, हार्मनी, तीन वर्षांत जे काही शिकवलं ते सगळं या दहा मिनिटांत एकत्र येई.

गेल्या उपवासकाळात, गुड फ्रायडेच्या आधीच्या रविवारी, टीचरनी कॉयरला कोणीच न ऐकलेल्या चार आवाजांच्या रचनेच्या झेरॉक्स दिल्या. रेकॉर्डिंग पाठवलं नव्हतं, आधी गाऊनही दाखवलं नाही. पट्टी एफ होती. त्या हॉलच्या मागच्या बाकावर, अभंग गाणाऱ्या त्या वडिलांच्या शेजारी जाऊन बसल्या. मोठ्या ताई त्या दिवशी आल्याच नव्हत्या, मुलीच्या बाळंतपणाला नालासोपाऱ्याला गेल्या होत्या. बारावीतल्या त्या मुलीनं, जी आता कॉलेजला जाते, नादकाटा गुडघ्यावर आपटला आणि कानाशी धरला. काही क्षण सगळे गप्प होते. ओठ हलताना दिसत होते: ग, रे, सा. मग तिनं मान हलवली आणि सगळ्यांनी पहिली कॉर्ड धरली. दुसऱ्या पानावर टेनर एकदा चुकले, थांबले नाहीत, पुढच्या ओळीला आपले आपण परत आले. आल्टोच्या आठही जणी शेवटच्या ओळीपर्यंत आपल्या स्वरांवर होत्या.

कॉयरमध्ये आता सव्वीस माणसं आहेत, आठ जागा रिकाम्या आहेत. पहिल्या वर्षी फळ्यावरच्या गोळ्यांना घाबरून जे गेले, त्यांच्या घरी टीचर या पावसाळ्यात एकेक करून जाऊन येणार आहेत.